सही कोणाची? भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी धोरणाची इंटर्नशिप कशी करावी

२००७ च्या मे महिन्यात माण तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत मी माझा पहिला अहवाल घेऊन गेले. एमएस्सीचं पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं. सहा आठवड्यांची इंटर्नशिप, बावन्न पानं, रंगीत नकाशे. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी तो शेवटच्या पानापर्यंत शांतपणे उलटला आणि विचारलं, "ताई, यात माझ्या सहीचं काय आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गावच्या पिण्याच्या विहिरीजवळ एक नवी खासगी विहीर खोदली जात होती, पिण्याच्या विहिरीचं पाणी उतरत होतं आणि दोन्ही विहिरी मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्या असलेल्या, खडकाच्या एकाच थरात होत्या, एवढं मी बरोबर शोधलं होतं. पण तेव्हा लागू असलेल्या १९९३ च्या भूजल कायद्यानुसार सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, ही परवानगी ग्रामपंचायत देत नाही, ते काम महसूल अधिकाऱ्याचं असतं आणि त्याला आधी भूजल यंत्रणेच्या तांत्रिक अधिकाऱ्याचं मत लागतं, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. दोन विहिरींमधलं अंतरही मी फक्त नकाशावरून काढलं होतं. टेप लावली असती, तर साडेतीनशे मीटर भरलं असतं, आणि बावन्न पानांऐवजी दीड पानाचा अर्ज तहसील कचेरीत वेळेवर गेला असता. विहीर पूर्ण झाली. त्या उन्हाळ्यात गावाला टँकर लागला.

आता मी सातारा, सांगली, सोलापूर भागात भूजलाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे. दरवर्षी तीन-चार विद्यार्थी आमच्याकडे येतात. भूविज्ञान शिकणाऱ्या कुणालाही "पुढे धोरणाच्या बाजूला जायचंय" असं वाटत असेल, तर मी त्यांना जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी सही शोधा

"मला भूजलावर काम करायचंय" एवढ्यावर इंटर्नशिप उभी राहत नाही. आपल्या मोजमापावरून कोणता निर्णय बदलू शकतो, तो कोण घेतो आणि कोणत्या महिन्यात घेतो, हे आधी शोधावं लागतं. भूविज्ञान आणि धोरण यांची गाठ तिथेच पडते.

आमच्या कामातलंच उदाहरण घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, म्हणजे जीएसडीए, गेली कित्येक दशकं राज्यातल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी मोजते. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये जी पातळी येते, तिची तुलना त्याच विहिरीच्या मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी होते. पातळी किती उतरली आणि पाऊस किती कमी झाला, हे पाहून संभाव्य टंचाईच्या गावांचा अंदाज जिल्ह्याला दिला जातो. मग जिल्हाधिकाऱ्यांचा टंचाई आराखडा तीन टप्प्यांत होतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. कोणत्या गावात विंधन विहीर घ्यायची, कोणती खासगी विहीर अधिग्रहित करायची, टँकर कुठे लावायचा, हे त्यात ठरतं. तुमचं गाव या अंदाजात का आलं नाही, असा प्रश्न तुमच्याकडे असेल, तर त्याचं उत्तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच उपयोगी पडतं. मार्चमध्ये तेच उत्तर घेऊन गेलात, तर सगळे आदरानं ऐकतात आणि कागद फायलीला लागतो.

दुसरं उदाहरण कायद्यातल्या एका आकड्याचं. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ हा २०१४ पासून लागू झाला. त्यात खोल विहिरीची व्याख्या ६० मीटरवर बेतली आहे आणि शेती-उद्योगासाठी अशा विहिरी घेण्यावर बंधनं आहेत. गावात मात्र बोअरची खोली कुणी मीटरमध्ये सांगत नाही. "दोनशे फूट मारली" असं सांगतात. दोनशे फूट म्हणजे जवळपास ६१ मीटर. ज्या बोअरला शेतकरी मध्यम समजतो, ती कायद्याच्या व्याख्येत खोल ठरते. हा मुद्दा आमच्याकडच्या एका विद्यार्थिनीनं शोधला, तेही कायद्याचं व्याख्यांचं कलम आधी वाचल्यामुळे. म्हणून कायदा हातात घेतलात की पहिल्यांदा व्याख्या वाचा, मग अधिकार कुणाला दिलेत ते कलम वाचा. उरलेलं नंतर वाचलं तरी चालतं.

भूजल नको असेल, तर दरडींचा विषय आहे आणि तो फार जड मनानं हाताळावा लागतो. माळीण ३० जुलै २०१४ ला गेलं, तळिये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे १:५०,००० या प्रमाणात केलेत. त्या प्रमाणात नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाचशे मीटर. शंभर मीटर रुंदीची अख्खी वाडी नकाशावर दोन मिलिमीटरची होते. नकाशावरचा रंग आणि प्रत्यक्ष घरं यांमधलं अंतर चालून भरून काढणं, डोंगराला गेलेल्या भेगा, नव्यानं फुटलेले झरे, वाकलेली झाडं यांची नोंद करणं, हे विद्यार्थ्याला अनुभवी माणसाबरोबर करता येतं. इथे सही जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची लागते, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची. आणि वेळ पावसाळ्याआधीची. गोव्याच्या किंवा कोकणातल्या मुलांना किनाऱ्याची धूप, सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) नकाशे आणि खाणी हे विषय घराजवळच सापडतील.

कुठे अर्ज करायचा

सरकारी बाजूला जीएसडीएची जिल्हा कार्यालयं आहेत. तिथे वरिष्ठ भूवैज्ञानिकांना विभागप्रमुखाच्या पत्रासह भेटा. नागपूरला केंद्रीय भूजल मंडळ आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण, दोघांचीही कार्यालयं आहेत. दिल्लीत नीती आयोग सहा आठवडे ते सहा महिन्यांची इंटर्नशिप देतो, पण त्यात मानधन नाही. दिल्लीत राहण्याची सोय नातेवाइकांकडे होणार असेल तरच विचार करा. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. ती दोन महिन्यांची असते आणि तिच्यात पैसे मिळतात. काम मात्र संशोधनाचं असतं, धोरणाचा धागा तुम्हाला स्वतः जोडावा लागतो. गोव्यात दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे.

माझा कल मात्र संस्थांकडे आहे, हे उघड सांगते. पुण्यात पाण्यावर काम करणाऱ्या अ‍ॅक्वाडॅम, सोपेकॉम आणि वॉटर (डब्ल्यूओटीआर) या संस्था आहेत. आयआयटी मुंबईत सितारा हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, जिथल्या लोकांनी राज्याच्या पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) प्रकल्पासाठी गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत बसवून दिली. अशा ठिकाणी खडकही बघायला मिळतो आणि कचेरीही. नुसत्या कचेरीत बसलेला विद्यार्थी दीड महिन्यात फाइल कशी फिरते ते शिकतो, पण विहिरीत डोकावत नाही. नुसता शिवारात फिरलेला विद्यार्थी माझ्यासारखा बावन्न पानं लिहितो.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आलीय. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये "मॅडम, कुठेही चालेल, प्रमाणपत्र द्या" असे फोन येतात. त्या मुलांची अडचण मला कळते, पण इतक्या उशिरा चांगलं काम हाती देता येत नाही. उन्हाळ्यात यायचं असेल, तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच पत्र लिहा.

पत्र कसं असावं

आजवर आलेलं सगळ्यात चांगलं पत्र चार ओळींचं होतं. जत तालुक्यातल्या एका मुलीनं लिहिलं होतं: "माझ्या मामाच्या गावातल्या सहा विहिरी मी दिवाळीपासून दर पंधरा दिवसांनी मोजते आहे. दोन विहिरींचं पाणी बाकीच्यांपेक्षा लवकर उतरतं, कारण कळत नाही. गावात टँकर मार्चमध्ये सुरू होतो. हे समजून घ्यायला मला तुमच्याकडे यायचं आहे." सोबत चौकटीच्या वहीचं एक पान, सहा रकाने, पेन्सिलीनं लिहिलेले आकडे. तिला मी त्याच संध्याकाळी फोन केला.

तुमचे गुण, तुमचं सॉफ्टवेअरचं ज्ञान, "मला संशोधनाची आवड आहे" हे सगळं प्रत्येक पत्रात असतं. एक जागा, एक प्रश्न आणि तुम्ही स्वतः उचललेलं एक पाऊल, एवढं लिहा. क्यूजीआयएस (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) येत असेल तर जरूर लिहा, त्याचा उपयोग होतो. मराठीत लिहिलंत तरी चालेल. आमच्या भागातल्या कचेऱ्यांचा आणि ग्रामसभांचा कारभार मराठीतच चालतो आणि तुमचं टिपणही मराठीतच जाणार असतं. भूविज्ञान इंग्रजीत शिकलेल्या मुलांना हे जड जातं. अ‍ॅक्विफरला, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थराला, जलधर म्हणायचं, रिचार्जला पुनर्भरण, हे पाठ होतं. पण जलधर म्हणजे काय, ते सत्तर वर्षांच्या आजींना दोन वाक्यांत सांगता येणं हे वेगळं काम आहे. त्याची तयारी घरी आजीसमोरच करून या.

पहिले पंधरा दिवस मोजणी

माझे आजोबा विहिरी खोदायचे. सुरुंगाआधी खडकावर पहार आपटून आवाज ऐकायचे आणि आता काळा लागेल की मांजऱ्या, ते सांगायचे. त्यांच्याकडून मी एक सवय घेतली: आकडा लिहिण्याआधी तो कशामुळे आलाय, हे विचारायचं.

विहिरीची पातळी मोजणं दिसायला सोपं आहे. टेपला वजन बांधायचं, कठड्यावरून सोडायचं, पाण्याला टेकलं की वाचायचं, त्यातून कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करायची. ही वजाबाकी विसरलात, तर विहीर एका दिवसात पाऊण मीटर खाली जाते. प्रत्येक वेळी कठड्याच्या त्याच बिंदूवरून मोजायचं, म्हणून तिथे तेलरंगानं खूण करायची, मालकाला विचारून.

वेळ पहाटेची. मोटर चालू असताना किंवा नुकतीच बंद झाली असताना घेतलेला आकडा उपशाचा असतो, विहिरीच्या खऱ्या पातळीचा नसतो. २०१६ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी सलग सात आठवडे चौदा विहिरी मोजल्या आणि आलेखात एक सुंदर लाट आली: एक आठवडा वर, एक आठवडा खाली. त्यांनी पावसाशी जुळवून पाहिलं, कालव्याच्या आवर्तनाशी जुळवून पाहिलं. शेवटी एका शेतकऱ्यानं सांगितलं, "लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री." रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटेपर्यंत मोटरी चालत होत्या आणि हे दोघं बरोबर सहाला टेप सोडत होते. तेव्हापासून आमच्या वहीत एक रकाना वाढला: मोटर बंद होऊन किती तास झाले.

खोली विचारताना जुनी माणसं परस या जुन्या मापात सांगतात. "आठ परस आहे." तो परस किती फुटांचा, हे त्यांनाच विचारा आणि शक्य असेल तिथे टेप टाकून ताडा. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का, तेही पाहा. बऱ्याच विहिरी कागदावर नसतात आणि काही कागदावरच्या विहिरी शिवारात नसतात.

आणि विहिरींची यादी करताना ती कोणाच्या आहेत हे एकदा तपासा. रस्त्यालगतच्या, बांधीव, चहा पाजणाऱ्या मालकांच्या विहिरी यादीत आपोआप येतात. वस्तीवरचा हातपंप, गावकुसाबाहेरचा आड, ज्यांची जमीन उताराच्या वर आहे त्यांची जानेवारीतच कोरडी पडणारी विहीर, या मुद्दाम चालत जाऊन घ्याव्या लागतात. पाणी कुठून आणि किती वाजता भरायला जाता, हे बायकांना विचारा. ते उत्तर कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. यादीत नसलेल्या विहिरीचं पाणी धोरणातही येत नाही, म्हणून मी या बाबतीत विद्यार्थ्यांवर कडक असते.

मोजलेल्याचा अर्थ लावायला एक छोटं गणित पाठ ठेवा. झिजलेल्या किंवा मांजऱ्या बेसॉल्टमध्ये उपशाला मोकळं होणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के असतं. भूजल अंदाजाच्या अधिकृत पद्धतीत २ टक्के धरतात. ५०० हेक्टर शिवारात पातळी एक मीटर उतरली, तर ५० लाख घनमीटर खडकातून १ लाख घनमीटर, म्हणजे १० कोटी लिटर पाणी गेलं. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या हिशेबानं २००० वस्तीच्या गावाला वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर पिण्या-वापरायला लागतं. म्हणजे एका मीटरमध्ये गावाचं अडीच वर्षांचं पाणी आहे. दुसऱ्या बाजूला, एक हेक्टर ऊस वर्षभरात, पावसाचं धरून, साधारण २ कोटी लिटर पितो. हे तीन आकडे फळ्यावर लिहिले की ग्रामसभेत चर्चा टँकरवरून पिकांवर येते. हिवरे बाजारनं पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली आणि शेतीसाठी बोअर बंद केल्या, त्यामागे हेच गणित आहे. फक्त हे गणित सांगताना समोर ऊस असलेला माणूस बसलाय आणि त्याचंही घर त्या उसावर चालतं, याचं भान ठेवा. आकडा कुणावर फेकून मारायचा नसतो.

टिपण दोन पानांचं

शेवटच्या दोन आठवड्यांत लिहायला बसा. कॉलेजसाठीचा अहवाल वेगळा, टिपण वेगळं. टिपण दोन पानांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही.

वर ज्याची सही लागते त्याचं पद. पहिल्या वाक्यात मागणी. "उपरोक्त विषयास अनुसरून" वगैरेनं सुरुवात केलीत तरी हरकत नाही, कचेरीला ती सवय आहे. पण मागणी पहिल्याच परिच्छेदात दिसली पाहिजे. त्याखाली तुम्ही काय मोजलं, केव्हा, किती विहिरी, कोणत्या महिन्यात. मग कायद्याचं कलम किंवा जीआरचा क्रमांक आणि तारीख. एकच नकाशा, ज्यावर गावातली मारुतीचं देऊळ, शाळा, ओढा अशी सगळ्यांना ओळखू येणारी ठिकाणं असावीत. शेवटी एक परिच्छेद: आमच्या मोजणीतून काय कळत नाही. हा परिच्छेद गाळू नका. मी पाहिलंय, अनुभवी भूवैज्ञानिक तो आधी वाचतात आणि त्यावरून उरलेल्या दीड पानावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवतात.

एका टिपणात एकच मागणी. आमच्या एका गटानं चेकडॅमचा गाळ, नवी निरीक्षण विहीर, बोअरबंदी आणि ठिबक अशा चार मागण्या एकत्र लिहिल्या. चारही रास्त होत्या. पण चार वेगवेगळ्या खात्यांच्या, त्यामुळे तो कागद चार टेबलांवर फिरून परत आला. पुढच्या वर्षी फक्त निरीक्षण विहिरीचं टिपण गेलं, त्याला उत्तर मिळालं.

कचेरीत देण्याआधी ते ग्रामसभेत वाचून दाखवा. तिथे चूक निघाली तर बरंच. माहिती हवी असेल, तर आधी संबंधित अधिकाऱ्याला भेटून मागा. बहुतेक जण देतात, कारण त्यांच्या आकड्यांत रस घेणारं कुणी क्वचितच येतं. नाहीच मिळाली, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, १० रुपये शुल्क आणि ३० दिवसांची मुदत. सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये हे ३० दिवस खूप मोठे असतात, म्हणून तो निर्णय पहिल्या आठवड्यात घ्या. आणि आवक-जावक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.

पैसे, मुक्काम, सुरक्षितता

हे विचारायला मुलं लाजतात, मुली जास्त. लाजू नका. मानधन आहे का, नसेल तर एसटीचं भाडं आणि जेवण कोण देणार, मुक्काम कुठे, संडास-बाथरूमची सोय काय, परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे सगळं येण्याआधी लेखी विचारा. ज्या ठिकाणी या प्रश्नांचा राग येतो, तिथे जाऊ नका. दोन महिने फुकट राबवून घेणारी इंटर्नशिप फक्त खाऊन-पिऊन सुखी घरच्या मुलांनाच परवडते. मग दुष्काळी तालुक्यातली मुलं याच विषयातून बाहेर राहतात, आणि हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

विहिरीवर एकट्यानं जायचं नाही. कठडा नसेल तर पोटावर झोपून टेप सोडायची, वाकायचं नाही. विहिरीत उतरायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. आत डिझेल इंजिन चालवलेलं असेल तर वायू साचलेला असतो आणि तो दिसत नाही. मे महिन्यात अकराच्या आत शिवारातून परत या.

इंटर्नशिप मे-जूनमध्ये संपते, पण तुमच्या टिपणाचा खरा महिना ऑक्टोबर आहे. म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांना मी एक अट घालते: दसरा-दिवाळीच्या सुट्टीतले दोन दिवस राखून ठेवायचे, त्याच विहिरींवर परत यायचं, कठड्यावरच्या त्याच खुणेवरून टेप सोडायची आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तारखेसह लिहायचा. जतच्या त्या मुलीची खूण निळ्या रंगाची आहे. यंदा ती फिकी झाली होती, तेव्हा विहिरीच्या मालकानं स्वतःच तिच्यावर नवा हात मारून ठेवला होता.